आईंच्या हातातला दांडा

मित्रांनो, “हिच्या दांड्यावर भार टाकू नका हं, ही मागे कलंडते,” असं मला विकताना मिसेस मक्रे दोनदा बजावत होत्या. सुमेधाने ते हसण्यावारी नेलं. “आमच्याकडे एवढं भारी आहे कोण,” म्हणाली आणि मला ढकलत ग्लासगोतल्या आपल्या घरी घेऊन आली. मलाही वाटलं, बाई उगाच बदनामी करतात.

मी बाबागाडी. आता जुनी, टप फाटलेली; पण बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा अशी चकाकत होते, की बससाठी उभ्या असलेल्या बायका माझ्यात बघून टोपी सारखी करत. मक्र्यांची तीन मुलं माझ्यात वाढली, मग काही वर्षं बटाटे राहिले, आणि मग आला सुमेधाचा गिरीश. सुमेधा बी. ए. झालेली, पण काळजी करण्यात कुणाला हार जायची नाही. गिरीश झोपला, की श्वास चालू आहे ना म्हणून नाकापुढे बोट धरायची. त्याने तो जागा झाला, की “अहो, हा झोपतच नाही,” म्हणून डॉक्टर नवऱ्याकडे, माधवकडे, तक्रार.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिच्या सासूबाई पुण्याहून आल्या. माधवने बेत केला, की आईला एडिंबरा दाखवायचं, आणि तेही पायी. आईंनी त्यासाठी खास नवे बूट घेतले होते. आगगाडीतून उतरून तिथल्या स्टेशनाबाहेर येताच त्यांनी माझा दांडा धरला.

“सुमेधा, तू हो पुढे. नातवाला मी नेते.”

सुमेधा पुढे झाली खरी, पण मान मागेच ठेवून.

किल्ल्याकडे जाणारा तो रस्ता चढाचा, दगडी. थोडं चाललो नाही, तोच माझी पुढची चाकं उचलली जाऊ लागली. गिरीशचे पाय आभाळाकडे जायचे, पुन्हा खाली यायचे. त्याला मजा वाटत होती. सुमेधाच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र दर खेपेला उतरायचा.

माधव हातात पुस्तक धरून राजेराण्यांच्या हकिगती वाचत होता. आई प्रत्येक दारापाशी थांबायच्या. “त्याला मारला कसा, ते सविस्तर सांग बाबा. घाई नको.” माधव भारावला. “बघ, आईला इतिहासाची किती ओढ आहे.” मित्रांनो, ओढ इतिहासाची नव्हती. आईंचं तोंड माझ्याच बाजूला होतं, त्यामुळे प्रत्येक पावलाला त्या ओठ कसे आवळतात ते फक्त मला दिसत होतं. सकाळपासून त्या मला ढकलत नव्हत्या, माझ्यावर रेलून चालत होत्या. मी कळवळून करकरले. माधव म्हणाला, “हिला तेल द्यायला हवं.”

किल्ला समोर आला आणि माझी चाकं पुन्हा उचलली गेली. सुमेधाचा धीर सुटला.

“आई, द्या इकडे. पडेल तो.”

“मी पाडीन माझ्या नातवाला?”

“तसं नाही हो, पण—”

“मग कसं?”

सुमेधाने गिरीशला उचललं आणि मला ओढून घेतलं. आईंचे हात रिकामे झाले, आणि त्या तिथेच, एका दुकानाच्या पायरीवर, मटकन बसल्या.

सुमेधाने गिरीशला माधवकडे दिलं आणि खाली बसून आईंच्या बुटांची नाडी सोडली. बूट निघेना. माधवनेही ओढून पाहिला. शेवटी निघाला तेव्हा आत लोकरीचे दोन मोजे, एकावर एक, आणि टाचेला मोठा फोड.

“दुकानात तर छान बसले होते,” आई पुटपुटल्या.

“तेव्हा मोजे घातले होते?”

“चप्पल काय मोजे घालून मापतात?” आईंनी मान फिरवली. “थंडी असते म्हणालीस, म्हणून दोन घातले. आता तुम्ही एवढं आणलंत, पाय दुखतो कशाला सांगायचं?”

सुमेधाने दुसराही बूट काढला आणि दोन्ही माझ्यात दुलईवर ठेवले. मग म्हणाली, “आई, दांडा तुम्हीच धरा. खुशाल रेला. मी पुढून दाबून धरते.”

किल्ला बाहेरूनच पाहून आमची वरात उतरू लागली. मोज्यांवर चालणाऱ्या आई मागे, सुमेधा पुढे उलटी चालत, गिरीश माधवच्या खांद्यावर आणि माझ्यात दुलईवर बूट. एक म्हातारी मडम बाळ बघायला वाकली. तिने नीट पाहिलं, आणि “किती शांत आहेत,” म्हणून निघून गेली. आई इतक्या हसल्या, की पुन्हा बसायची वेळ आली.

आता मी शेडमध्ये आहे. पुन्हा बटाटेच. एवढंच मागते मित्रांनो: तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस “तुम्ही व्हा पुढे, मी आलेच,” म्हणून मागे राहत असेल, तर आज त्यांच्याकडे एकदा जाऊन या. दुखतंय का म्हणून विचारू नका, ते नाहीच म्हणतील. खाली बसा आणि नाडी सोडून बघा.