ताट फक्त दोघांना

"रानभाज्यांचं ताट दोघांना मिळतं, बाबा. एकट्याला नाही," खानावळीतली मावशी टेबल पुसता पुसता म्हणाली. "तुम्ही आपले नूडल्स घ्या. गरमागरम आणते."

म्हातारा प्यो जोंग-मान काठी टेकून दारातच उभा राहिला. त्याचं तोंड एवढंसं झालं. खरं तर यात नवीन काय होतं? कोरियातल्या गांगवनच्या डोंगरात खानावळी-खानावळीत हाच कायदा. एका माणसासाठी डझनभर वाट्या कोण मांडत बसणार? पण प्योला तो कायदा आजवर कधी नडलाच नव्हता, कारण इथे तो कधी एकटा आला नव्हता.

दर शरदात तो आणि त्याची बायको यायचे. आधी राखीव जंगलातली पांढरी भूर्जाची झाडं, मग धबधबा, वरच्या लहानशा देवळात नमस्कार, झऱ्याचं लोखंडाच्या चवीचं पाणी, आणि खाली उतरून हे ताट. यंदा वसंतात बायको गेली. मुलाने, तेहोने, सगळ्यांना फोन करून कळवलं. प्योला ते स्वतःच्या तोंडाने कोणालाच सांगावं लागलं नाही. आज तो तीच सगळी ठिकाणं एकटा फिरला. वरून उतरणारी माणसं डोंगरावरच्या रीतीप्रमाणे "थोडंच राहिलंय हं, आजोबा!" म्हणून निघून जात होती. बाकी दिवसभर कोणी चकार शब्द बोललं नाही, आणि तो एवढा मोठा डोंगर त्याला खायला उठला होता.

"दोघं आहोत की," प्यो म्हणाला. "ती मागून येतेय. गुडघे दुखतात तिचे."

थाप कशी अगदी सहज निघून गेली! दोघांचे पैसे देतो म्हणाला असता तरी भागलं असतं म्हणा. पण मग समोर दुसरा भात, दुसरा चमचा, जेवायच्या दुसऱ्या काड्या कोणी मांडल्या असत्या? त्याला ताट नकोच होतं हो. त्याला समोरची ती मांडलेली जागा हवी होती.

मावशी लगेच खुलली. "मग आधी नाही का सांगायचं! बायकोला मागे टाकून पुढे पळायचं, सगळे नवरे मेले सारखेच. बसा, बसा."

तिने टेबल भरून टाकलं. बायकोच्या भातावर झाकण ठेवलं, गार होऊ नये म्हणून. प्योने नेच्याच्या भाजीची वाटी पलीकडे सरकवली, ती तेहोच्या आईला फार आवडायची. मग तो सावकाश जेवू लागला. किती महिन्यांनी अन्नाला चव लागली! त्या घटकाभर तो खरोखर सुखात होता.

उन्हं डोंगरामागे गेली. मावशीने येऊन झाकण चाचपलं.

"अजून नाही आल्या?"

"येईल."

"येईल येईल काय, बाबा? जंगल बंद व्हायची वेळ झाली. पाय-बिय मुरगळला असेल!"

त्याने हात हलवला, काहीतरी पुटपुटला, पण ती कसली ऐकतेय? तिने परस्पर चौकीवर फोन ठोकला, आणि थोड्याच वेळात वनरक्षक धापा टाकत दारात हजर झाला.

"आजोबा, आजींचं नाव सांगा."

आता सांगून टाकायला हवं होतं. पण नाव कोणी विचारलं होतं इतक्या वर्षांत? घरीदारी ती नुसती तेहोची आई. तो स्वतःही तिला तशीच हाक मारायचा.

"मेंग ओक-ह्वा," तो म्हणाला.

"अंगावर काय आहे?"

"जांभळं जाकीट. फुलाफुलांची टोपी. सैल आहे ती, सारखी मागे सरकते. मी म्हटलं नवी घे, तर म्हणते हीच बरी..."

रक्षकाने चौकीला कळवलं, शोधायला पोरं वर धाडली, आणि झाडांवरचे भोंगे खरखरले.

"मेंग ओक-ह्वा, मेंग ओक-ह्वा. जिथे असाल तिथून खाली या. तुमचे यजमान वाट पाहत आहेत."

नाव दरीत गेलं, समोरच्या कड्यावरून परत आलं. थांबवा म्हणायला प्योने तोंड उघडलं आणि मिटलं. अजून एकदा, फक्त एकदा ऐकू दे, असं त्याच्या मनात आलं. लाज वाटत होती त्याला, तरी तो कान देऊन बसला.

भोंगा पुन्हा बोलला. तेवढ्यात मावशीने एप्रन काढून फेकला आणि रबरी बूट पायात चढवले. "मी पण जाते. देवळामागची वाट या पोरांना कुठली ठाऊक!"

"मावशी, नका जाऊ," प्यो म्हणाला. "ती वर नाहीये."

"मग कुठे आहे?"

"गेली. वसंतातच गेली."

रक्षकाच्या कपाळाची शीर तटतटली. "आजोबा, माणसं अंधारात वर गेलीत!" एवढं बोलून तो फोन लावत बाहेर पळाला. मावशीने प्योच्या पाठीत एक धपाटा घातला. "मग तसं सांगायचं ना, भल्या माणसा! मी वाढलं नसतं का?"

"तुम्ही नव्हता वाढत," प्यो म्हणाला. मावशी एक बूट काढून तशीच बसून राहिली.

चौकीवरच्या मुलीला फक्त शोध थांबवा एवढाच निरोप मिळाला असावा. तिने आपलं नेहमीचं वाक्य वाचून दाखवलं. "मेंग ओक-ह्वा सापडल्या आहेत. सहकार्याबद्दल आभार."

शेवटची मंडळी जंगलातून उतरत होती. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याला पाहून एक बाई थांबली.

"आजी तुमच्याच का? सापडल्या ना? बरं झालं बाई, जीव टांगणीला लागला होता!"

प्यो उठला आणि कमरेत वाकून त्याने तिला नमस्कार केला.

"हो," तो म्हणाला. "सापडली."