पहिल्या नंबरावरचं नाव

वाकवू नका, उन्हात ठेवू नका, बोट लावू नका. माझ्या कागदी पाकिटावर एवढ्या सूचना छापल्या होत्या की कुणाला वाटावं, ही कोण लाडाची लेक. लाडबिड काही नाही हो. मी सव्वापाच इंचाची एक काळी फ्लॉपी. कॉम्प्युटरच्या तोंडात घातली की अंगावर लिहिलेलं घडाघडा सांगायचं, एवढंच मला येतं. लिहिलेलं बरं की वाईट, हे बघायची अक्कल कारखान्यानं मला दिली नाही.

माझी आठवण सुरू होते ती एकोणनव्वद साली, हैद्राबादच्या एका ट्रेनिंगात. आदिलाबाद जिल्ह्यात तामसीकडच्या एका गावच्या शाळेला सरकारी योजनेतून कॉम्प्युटर मिळाला होता. तो चालवायचं शिकायला विज्ञानाचे मास्तर सुधाकरराव आले होते. तिथल्या कुणीतरी माझ्यावर खेळ बनवायचा एक प्रोग्राम उतरवून मला त्यांच्या हाती दिलं. चौकटीच्या कागदावर चित्र काढायचं, ठिपके भरायचे, वरून काय पडेल, खाली कोण झेलेल, गुण किती मिळतील ते सांगायचं. पुढचं सगळं तो प्रोग्राम आपसूक जुळवायचा. नमुन्याला एक खेळ होता, दगडांच्या माऱ्यातून पळणाऱ्या विमानाचा. बाकीच्या मास्तरांनी दोन दिवस विमान उडवलं आणि आपापल्या गावी गेले. सुधाकररावांच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं.

त्यांचे आईबाप दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. धाकटी बहीण दीड वर्षाची असताना तिला हगवण लागली आणि घरच्यांनी रीतीप्रमाणं तिचं पाणी तोडलं. पाणी पाजलं की जुलाब वाढतात, अशी समजूत. पोरगी पाणी मागत मागत गेली. सुधाकरराव तेव्हा सात वर्षांचे होते आणि पाण्याचा हंडा त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रिकाम्या वर्गात एकटेच बोलत बसायचे तेव्हा मी ऐकलं.

तर त्यांनी विमान पुसलं आणि तिथं एक लेकरू काढलं. लेकराच्या अंगातून थेंब गळतात, ते सुकत जातं. वरून साखर पडते, मीठ पडतं, कायकाय पडतं. आईनं मूठभर साखर आणि तीन बोटांची चिमूट मीठ तेवढं झेलायचं, लिटरभर पाण्यात टाकायचं आणि लेकराला पाजायचं. ग्लासावर ग्लास. जितकं झटपट, तितके गुण जास्त. शेवटी जिंकणारीचं नाव वर झळकायचं, तेही मराठीत. ती अक्षरंसुद्धा मास्तरांनी ठिपक्याठिपक्यानं काढली होती.

रविवारी दुपारी बाया शाळेत जमायच्या. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन यायच्या, जसं काही देवळातच आल्या. पहिल्या दिवशी कुणी बटणाला हात लावेना. लावला तो रेणुकाबाईनं. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारं आसपासच्या चार गावांत कोणी नव्हतं. मांडीवर खुशाल नावाचा तिचा सव्वा वर्षाचा पोरगा, आणि बोटं बटणांवर. तिसऱ्या रविवारी तिनं नऊशे चाळीस गुण केले.

"अवो, तू त कापूस वेचल्यावानी पाणी पाजून राह्यली," शेजारची जयवंताबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

"डब्यातल्या लेकराले पाजून काय होते?" रेणुकाबाईची सासू बयनाबाई दारातूनच बोलली. "घरातल्याले पाज."

रेणुकाबाईचं लक्ष नव्हतं. काचेवर पहिल्या नंबराला तिचं नाव आलं होतं. शाळेची पायरी न चढलेली बाई ती. "सार, हे मी हाय?" असं तिनं विचारलं आणि काचेवरून बोट फिरवत अक्षरं गिरवली. ते नाव माझ्या अंगावर उमटलं. मला त्याचा फार अभिमान वाटला, आता सांगायला लाज वाटते तरी.

पुढच्या श्रावणात गावात हगवणीची साथ आली. एक दिवस मधल्या सुट्टीत रेणुकाबाई एकटी आली. कडेवर घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून तिचे हात नुसतेच लोंबत होते. मी टेबलावर पडले होते.

"सार," ती म्हणाली, "लेकराले परवा सकाळीच लागली. सासू म्हणे पाणी तोड. म्या आयकलं नाही. साखर मूठभर, मीठ तीन बोटाचं, समदं तुमी शिकवलं तसंच केलं. गिलासावर गिलास पाजला. त्यानं ओकलं. म्या अजून जोरात पाजलं. अजून ओकलं. मंग सासू म्हणे, पोटात टिकूनच नाही राह्यलं, बंद कर. मंग म्या बंद केलं. दुपारच्या बसनं आदिलाबादले नेत होतो. मधातच गेला. सार, माह्यं काय चुकलं?"

अख्खा खेळ सुधाकररावांनी बदलला होता, पण आतला वेग विमानाचाच राहिला होता. जो जोरात, तो पुढं. ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुमचं काही नाही चुकलं," ते म्हणाले. "हळू पाजायचं असते, चमच्याचमच्यानं. ओकलं त थोडं थांबून परत पाजायचं. ते माह्या खेळात नव्हतं. चूक माही हाय, बाई."

ती शिव्या देईल असं मला वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मंग ते लिवा आता. अन् सार, वरून माह्यं नाव काढा."

त्या संध्याकाळी मास्तर मला घेऊन बसले. चौकटीच्या कागदावर चमचा काढला. पण त्या प्रोग्रामात थांबायला जागाच नव्हती. दर पायरीला सगळं अजून जोरात, एवढंच त्याला ठाऊक. दोन दिवस ते त्याच्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी कुठूनशी वाट सापडली. वीस आकडे मोजायचे, मग एक चमचा. आधी बटण दाबलं तर लेकरू ओकतं. आधी हे नीट करू, मग नाव काढू, असं ते पुटपुटले. आणि ते माझ्यावर उतरवायच्या आत वीज एकदम जोरात आली. बल्ब पांढरा फटक झाला, जळका वास सुटला आणि कॉम्प्युटर गेला.

मी त्याच्या तोंडातच होते. मला ओरखडासुद्धा नाही. जायला मी हवी होते, गेला तो बिचारा डबा.

मास्तरांनी दुरुस्तीसाठी दरखास्त केली. मग दुसरी केली. पार्ट वरून येतील, असं उत्तर आलं, पार्ट काही आले नाहीत. मग ते चमचा घेऊन घरोघर हिंडले. बाया माना डोलवायच्या आणि विचारायच्या, "सार, तो खेळ कवा चालू होते?" रेणुकाबाई मात्र तसं विचारत नसे. दर श्रावणात ती शाळेच्या फाटकाशी यायची.

"काढलं का नाव?"

"मशीन बंद हाय, बाई."

"बरं," म्हणून ती शेताकडं निघायची. मास्तरांची बदली गुडीहत्नूरला झाली, त्या वर्षीही ती आली होती.

आता सत्त्याण्णव चालू आहे. मी मास्तरांच्या पत्र्याच्या पेटीत आहे, अंगावर पांढरी बुरशी चढलीय. नव्या कॉम्प्युटरांची तोंडं लहान, त्यात मी मावत नाही. मास्तरांनी एकदा आदिलाबादला नेऊन बघितलं. दुकानातला माणूस हसला आणि म्हणाला, "सार, इसको फेंक दो." त्यांनी फेकलं नाही. अधूनमधून पेटी उघडतात, मला बघतात आणि बंद करतात.

म्हणून तुम्हाला सांगते. कधी कुठं जुनं मशीन मिळालं आणि मला चालवलंत, तर मी तेच बोलेन, जोरात पाजा, अजून जोरात. मला दुसरं काही येत नाही. माझं ऐकू नका. चमच्याचमच्यानं पाजा, ओकलं तर थांबा, परत पाजा, पाणी तोडू नका. आणि पहिल्या नंबरावर एक नाव दिसेल, ते आधी काढा. मग तामसीच्या बसनं जा आणि रेणुकाबाईला सांगा, काढलं म्हणून.