ताईच्या गावाला जाणारं पाणी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं म्हणतात. कारखानदाराला ही म्हण फार आवडायची. तिच्यात त्यानं आपल्यापुरती थोडी भर घातली होती : नदी पुढे कुठे जाते, तेही विचारू नये.

त्याचा कापड रंगवायचा कारखाना ऐन काठावर होता. मोठमोठ्या हौदांत कापड रंगायचं. रंगून झाल्यावर जे उरायचं ते ना धड रंग ना धड पाणी. ते काठाखालून काढलेल्या एका पाइपातून नदीत जायचं. दिवेलागणीला मुकादम त्या पाइपाची चावी फिरवायला जायचा आणि त्याच वेळी मालक ऑफिसातला पंखा मोठा करायचा, म्हणजे पाण्याचा आवाज ऐकू यायला नको. आपलं वाईट काम कानावर पडू नये इतका हळवेपणा त्याच्यात होता.

सांडपाणी शुद्ध करायची टाकीही होती. नियमच होता तसा. टाकी देखणी होती, निळ्या टाइल्सची, आणि तिच्यात सोनेरी मासे होते. तपासणीला येणारे साहेब त्या माशांकडे बराच वेळ बघत राहायचे. ‘‘मासे जगताहेत म्हणजे पाणी उत्तम,’’ असं म्हणून चहा घेऊन जायचे. पाणी उत्तम होतं यात शंकाच नव्हती. ते नळाचं होतं. सांडपाण्याचा थेंबही त्या टाकीनं कधी पाहिला नव्हता. टाकी चालवायची तर तिला झेपेल तेवढंच कापड रंगवायचं, म्हणजे काम निम्म्यावर येणार, शिवाय माशांचं काय करायचं हा प्रश्न होताच.

कारखानदाराचं नदीवर प्रेम नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. चार लोकांत बोलायची वेळ आली की तो नदीवरच बोलायचा. नदी म्हणजे आई, नदी आहे म्हणून आपण आहोत, वाहतं पाणी कुणाचं काही ठेवून घेत नाही. पहिली दोन वाक्यं ऐकणाऱ्यांसाठी असायची. तिसरं त्याला स्वतःला मनापासून पटलेलं होतं. संध्याकाळी सोडलेलं सकाळी दिसत नाही, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

सकाळी ते त्याच्या बहिणीच्या गावात असायचं.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. लग्न होऊन ती खालच्या गावी गेली तेव्हा तो गाडीमागे धावला होता आणि दोन्ही गुडघे फोडून घेतले होते. आईनं त्याला काठावर नेऊन गुडघे धुतले आणि म्हणाली, ‘‘रडतोस कशाला? आज आपल्या दारावरून गेलेलं पाणी उद्या ताईच्या दारी. तू इथे हात बुडवलास की तिला तिथे कळतं.’’ आया असं काहीबाही बोलतात. ते खरं ठरेल अशी त्यांचीही अपेक्षा नसते.

खालच्या गावात ताईची लाँड्री होती. घराच्या मागच्या अंगाला, नदीला लागून. लॉजच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ आणि मुख्य म्हणजे गावातल्या मोठ्या हॉस्पिटलचे सगळे कपडे तिच्याकडे धुवायला यायचे. पाणी नदीचंच. दोन वर्षांपासून या पांढऱ्या कपड्यांवर एक झाक यायला लागली, बहुतेक वेळा गुलाबी. नर्सेस लाजल्यासारख्या दिसायला लागल्या. एका सर्जननं फिकट गुलाबी कोटात ऑपरेशनची वाईट बातमी सांगितली, तेव्हा नातेवाइकांना ती खरी वाटेना. लहान मुलांच्या वॉर्डानं तक्रार केली नाही. बाकी सगळ्यांनी केली. गावात ‘गुलाबी लाँड्री’ असं नाव पडलं.

‘‘माझंच चुकलं हो,’’ ताई प्रत्येकाला सांगायची. ‘‘मशीनमध्ये लाल टॉवेल राहून गेला.’’

दोन वर्षं तो टॉवेल मशीनमध्ये राहून जात होता.

कारखानदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणजे, ठाऊक होऊ नये याची त्यानं नीट काळजी घेतली होती. ताईकडे जाणं कमी केलं होतं. फोन नेहमी तीच करायची. एका गोष्टीचं मात्र त्याला नवल वाटायचं. तो काविळीनं अंथरुणाला खिळला, कारखाना बंद ठेवावा लागला, कुणाला कळवलंही नव्हतं, तरी दोन-तीन दिवसांत ताईचा फोन : ‘‘छोट्या, बरा आहेस ना रे?’’ पन्नाशीच्या माणसाला छोट्या म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. पुढे कामगारांनी संप केला, तेव्हाही तसाच फोन. ‘‘रक्ताचं नातं, दुसरं काय!’’ असं तो बायकोला अभिमानानं सांगायचा.

आणि मग ताईनं त्याला बोलावलं.

‘‘शनिवारी हॉस्पिटलचे व्यवस्थापक येताहेत. काम माझ्याकडे ठेवायचं की काढून घ्यायचं ते ठरवायला. तू येऊन नुसता बस. कोट घालून ये. भाऊ मोठा कारखानदार आहे म्हटलं की जरा वजन पडतं.’’

‘‘मी काय बोलू पण?’’

‘‘काही बोलू नकोस. तू बोलायला लागलास की नदीवर घसरतोस.’’

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं मुकादमाला हाक मारली. ‘‘आज चावी फिरवू नका.’’

‘‘का, मालक?’’

‘‘असंच.’’

‘असंच’ या शब्दाचा अर्थ मुकादमांना मालकांपेक्षा जास्त कळतो. कारखानदारानं त्या संध्याकाळी पंखाही लावला नाही. आणि पंख्याशिवाय बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं, की ज्याला काही ठाऊक नसतं तो माणूस ‘आज चावी नको’ असं सांगत नसतो.

शनिवारी तो कोट घालून गेला. दार उघडल्या उघडल्या ताईनं त्याच्या कपाळाला हात लावला. ‘‘ताप नाही ना? जेवतोस ना वेळेवर?’’

‘‘ठणठणीत आहे की! का गं?’’

‘‘काही नाही. असंच,’’ ताई म्हणाली.

पुढच्या खोलीत इस्त्रीची लांब मेजं होती, वाफेचा ओलसर वास होता आणि खिडकीशी ताईच्या सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचा सारा दिवस त्या खिडकीत जायचा. खिडकीतून नदी दिसायची. दाजी गाडी घेऊन लॉजचे कपडे पोचवायला गेले होते. व्यवस्थापक आधीच येऊन बसले होते. तो किडकिडीत, सभ्य माणूस होता आणि त्याचा शर्टही पांढरा म्हणता आला नसता.

कारखानदारानं बरोबर एक पुडकं आणलं होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं? चूक केली ती इथे. त्यानं दोरी सोडली आणि पडद्याचं कापड मेजावर झोकात उलगडलं. गडद डाळिंबी रंग होता, खोली उजळून निघाली.

‘‘ताई, खास तुझ्यासाठी. बाजारात जायचाय अजून. हा रंग कारखान्याबाहेर कुणीसुद्धा पाहिलेला नाही.’’

सासूबाईंनी चष्मा वर केला. ‘‘हा? हा मंगळवारी आला होता.’’

‘‘काय म्हणालात, मावशी?’’

‘‘मंगळवारी, हो. सकाळी सकाळी. चांगला गडद होता, या काठापासून त्या काठापर्यंत.’’ त्यांनी कापडाचा पदर हातात घेऊन पाहिला. ‘‘कापडावर जरा फिका वाटतोय. त्याच्या आधी तो हिरवट आला होता ना, तो नव्हता चांगला. पण मोरपंखी! तो मात्र पाठवा हो पाहुणे पुन्हा. आठवडाभर होता, डोळे निवले.’’

म्हातारीच्या मनात कसला टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. टोमण्याला उत्तर देता येतं. ही बाई त्याच्या मालाचं कौतुक करत होती.

व्यवस्थापकांनी कापडाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग स्वतःच्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ते आता मेजावर चार वार पसरलेलं होतं.

‘‘हा रंग तुमच्या कारखान्यातला का?’’ त्यांनी विचारलं.

एका ‘हो’चा प्रश्न होता. ‘हो, आणि ताईचा काही दोष नाही, दोष माझा आहे.’ ज्या माणसानं नदीवर तासतासभर भाषणं केली होती, त्याला एवढं वाक्य जड नव्हतं. तोंड उघडलंही त्यानं. तेवढ्यात ताई पुढे झाली आणि कापडाची झरझर घडी घालायला लागली.

‘‘सासूबाईंना आताशा नीट दिसत नाही हो,’’ ती व्यवस्थापकांना म्हणाली. ‘‘मोतीबिंदू आहे. चूक आमचीच. मी म्हटलं ना तुम्हाला, लाल टॉवेल राहिला. पुन्हा नाही व्हायचं.’’

‘‘मोतीबिंदू कुणाला?’’ सासूबाई म्हणाल्या. पण ताईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सुनेसमोर त्या गप्प बसल्या.

कारखानदार मिठाची गुळणी धरून बसला. कोट घालून, वजन पाडत.

व्यवस्थापकांनी थोडा वेळ वाट पाहिली. कुणाची, ते खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. मग ते उठले. ‘‘ताई, माणूस म्हणून तुमच्याबद्दल आदर आहे. पण दोन वर्षं एकच टॉवेल... महिनाअखेरीपासून आम्ही दुसरी व्यवस्था करू.’’

ते गेल्यावर ताई मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. कारखानदार तिच्याजवळ गेला, पण बसला नाही. नदी स्वच्छ होती. त्या दिवशी तरी होती.

‘‘तुला कधीपासून माहिती आहे?’’

‘‘पहिल्या दिवसापासून. वर दुसरा कुणाचा आहे का रंगाचा कारखाना?’’

‘‘मग बोलली का नाहीस? भांडायचंस ना माझ्याशी! चार शिव्या घालायच्यास!’’

‘‘काय बोलायचं? आधी चिडले होते. रोज ठरवायचे, आज फोन करते आणि चांगली हजेरी घेते. मग एकदा पाणी एकदम निवळशंख आलं. एक दिवस, दोन दिवस. सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र निघाले, मशीनवरच्या बायका खूश. माझा मात्र जीव खालीवर. म्हटलं, छोट्याचं काहीतरी झालं. फोन केला तर तुला कावीळ. तेव्हापासून असं झालंय बघ, सकाळी पाणी रंगीत दिसलं की बरं वाटतं. चला, उठलाय, कामाला लागलाय.’’ तिनं हसून त्याच्याकडे पाहिलं. ‘‘आज सकाळी निवळ दिसलं, म्हणून तर कपाळाला हात लावला. आई नव्हती का म्हणायची, तिला तिथे कळतं म्हणून?’’

कारखानदाराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी अशा कामाला वेळेवर मिळत नाही. त्यानं कोट काढला आणि हातात धरून उभा राहिला. कोट घालून उभं राहणं त्याला जमेना.

सोमवारी तो हॉस्पिटलात व्यवस्थापकांसमोर जाऊन उभा राहिला आणि जे शनिवारी बोलायचं होतं ते सगळं बोलला. एका दमात, मान खाली घालून. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘मला शनिवारीच कळलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘मी दारापर्यंत फार सावकाश चालत गेलो. तुम्ही हाक माराल असं वाटलं होतं. आता दुसऱ्यांना शब्द दिलाय.’’

शब्द मोडा असं म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. शब्दांच्या बाबतीत कुणाला काही सांगण्याची त्याची पत उरली नव्हती.

कारखान्यात येऊन त्यानं मुकादमाला बोलावलं. ‘‘पाइप कायमचा बंद करा. आजपासून सगळं पाणी टाकीत.’’

‘‘मालक, मासे मरतील.’’

‘‘मग काढा ते. सोडून द्या.’’

‘‘कुठे?’’

‘‘कुठे म्हणजे? नदीत.’’

मुकादम अशा चेहऱ्यानं उभा राहिला, की कारखानदाराला स्वतःचंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. शेवटी मासे एका बादलीत घालून मालकाच्या टेबलावर आणून ठेवले.

टाकी सुरू झाली. काम निम्म्यावर आलं. कारखानदाराला कुणी शाबासकी दिली नाही, आणि दिली असती तर ती कुठे ठेवावी हे त्याला कळलं नसतं. चारेक दिवसांनी सकाळीच फोन वाजला.

‘‘छोट्या, बरा आहेस ना रे? पाणी निवळशंख येतंय केव्हापासून.’’

‘‘बरा आहे, ताई.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘खरंच. आता रोज असंच येईल.’’

ताईच्या मागे मशीनचा आवाज येत होता, पूर्वीपेक्षा कमी. हॉस्पिटलच्या कपड्यांशिवाय असतात तितकीच मशीनं चालू असणार.

‘‘चांगलं केलंस,’’ ती म्हणाली. ‘‘पण मग मला कळायचं कसं रे, तू बरा आहेस ते?’’

‘‘मी फोन करत जाईन.’’

‘‘तू?’’ ताई म्हणाली आणि खळखळून हसली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरोखरच हसू आलं होतं. ‘‘ऐकलंत का हो सासूबाई, हा फोन करणार म्हणतोय!’’ लांबून सासूबाईंचंही हसणं ऐकू आलं.

ताईला उत्तर देण्यासाठी त्यानं आठवून पाहिलं, आपण तिला शेवटचा फोन केव्हा केला होता. आठवत गेला, मागे मागे जात राहिला. पलीकडे हसणं थांबलं, ‘‘ठेवते रे,’’ झालं, तरी तो तसाच फोन कानाला लावून बसला.

समोर बादलीतले मासे वर येऊन तोंड उघडत होते आणि मिटत होते. त्यांनाही काहीतरी सांगायचं असावं. पण त्यांच्याकडे निदान सबब होती.