थांबती कशी, ते विचारणारा माणूस

चांदे गावच्या चंद्रकांतची थोरली लेक साधना ज्या वर्षी नेरे गावी दिली, त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, मी चंद्रकांतच्या अंगणात आले. मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. वयानं फार नाही, पण अंगावर ताडपत्री पडली की गाडी जुनीच म्हणायची.

मी साधीसुधी नव्हते. बुटकी, लांब, अंगावर काळा तुकतुकीत रंग. शर्यतीच्या गाडीसारखी पळणारी आणि आतून दिवाणखान्यासारखी. मला घडवणाऱ्यांनी पुढचं पाहायला डोळे दिले. सीटवर कुणी बसलं की कळावं म्हणून अंगात जाण दिली. आणि बसणाऱ्यानं पट्टा लावला नाही तर टोकायला आवाज दिला. त्या आवाजाचा मला पहिल्यापासून अभिमान होता.

शोरूममध्ये मला पाहायला सगळं घर आलं होतं. चंद्रकांतचा पिरंगुटला सुटे भाग बनवायचा कारखाना चांगला चालत होता. त्याचा मुलगा मनीष माझ्याभोवती तीनदा फिरला. ऋतिका नावाची मुलगी गाडी दाखवत होती. तिला त्यानं विचारलं, "शंभरचा स्पीड किती सेकंदांत घेते?" त्याच्या आईला, हेमलताला, गार होणारी सीट हवी होती. धाकट्या बहिणीला, किमयाला, दारांतले रंगीत दिवे हवे होते. ऋतिकानं बटण दाबून माझं छत उघडलं, तसे सगळे वर बघायला लागले.

सगळ्यांच्या मागे चंद्रकांतचे वडील कुशाबा उभे होते. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. तीस वर्षं त्यांनी कंपनीचा टेम्पो चालवला होता.

"जल्म गेला छप्पर गळू नये म्हनून," आबा म्हणाले, "अन् हितं छप्पर उघडतंय म्हनून गाडी घ्यायची व्हय?"

सगळे हसले. आबा नाही हसले. त्यांनी ऋतिकाला विचारलं, "पोरी, पळती किती ते समद्यांनी इचारलं. थांबती कशी?"

ऋतिका जरा गोंधळली. मग तिनं सांगितलं, की समोर काही आडवं आलं आणि चालवणाऱ्याला उशीर झाला, तर गाडी स्वतः ब्रेक लावते. "पण काका, पट्टा लावलेला पाहिजे. नाही लावला तर ती वाजत राहते."

आबा पुढच्या डाव्या सीटवर बसले. मी वाजू लागले. त्यांनी पट्टा ओढून खाचेत खटकन बसवला, तशी मी गप्प झाले.

"ही चांगली हाय," आबा म्हणाले. "ही घ्या."

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. दसऱ्याला माझ्या नाकावर झेंडूची माळ असे. गावातल्या गतिरोधकांना माझं पोट घासायचं. तेव्हा "तिरकी घाल रं, तिरकी!" म्हणून आबांनी मनीषला शिकवलं. आबांना त्या सुमारास विसरायला होऊ लागलं होतं. चष्मा कपाळावर ठेवून ते घरभर चष्मा शोधत. गाडीत बसले की पट्ट्याचं भान नसे. मी वाजले की ओशाळं हसत आणि माझ्या दारावर थाप मारत. "मी इसरलो तरी ही बाई इसरायची न्हाई," ते म्हणत. मित्रांनो, इतका विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला नाही.

हेमलता मात्र माझ्या आवाजाला वैतागली होती. पिरंगुटच्या बाजारातून येताना ती भाजीची मोठी टोपली शेजारच्या सीटवर ठेवी. ओझं जाणवलं की मला माणूसच बसल्यासारखं वाटे. मी घरापर्यंत वाजत राही.

"अगं बाई, आता भोपळ्याला पट्टा बांधू का?" एकदा ती चिडून म्हणाली आणि अमजदच्या दुकानासमोर थांबली. अमजद गाड्यांना लागणाऱ्या वस्तू विकायचा. मनीषचा तो शाळेपासूनचा मित्र होता.

"लई बोलती का गाडी, काकू?" अमजदनं हसत एक लोखंडी क्लिप काढली. पट्ट्याच्या टोकाला असते तशीच, पण मागे पट्टा नसलेली. "ही तिच्या तोंडात घाला. गप बसती."

क्लिप खाचेत गेली. मला वाटलं, कुणीतरी पट्टा लावला. मी गप्प बसले. माझ्याशी कुणी खोटं बोललं तर ते ओळखायची जाण मला कुणी दिलेली नाही.

आबांनी ती क्लिप पाहिली तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हेमलता, सांगनाऱ्याचं तोंड बांधू नये गं."

"भाजीपुरतीच हो, आबा. तुम्ही बसायच्या आधी मी काढत जाईन."

आणि ती खरंच काढायची. दीड वर्ष तिनं आठवणीनं काढली.

मग साधनाला मुलगा झाला. नेऱ्याला बारसं होतं, नाव निषाद ठेवायचं ठरलं होतं. तो रविवार होता. चंद्रकांत, हेमलता आणि किमया सकाळीच दुसऱ्या गाडीनं पुढे गेले. मनीष आबांना घेऊन मागून निघणार होता. आदल्या दिवशीच्या बाजाराची क्लिप माझ्या खाचेत तशीच होती.

आबा नवं धोतर नेसून आले. दोन्ही हातांत पणतवाचं झबलं-टोपडं, घडी मोडू नये म्हणून जपून धरलेलं. ते बसले. मी वाजले नाही.

"चल रं," आबा म्हणाले. "पाव्हनं वाट बघत असतील."

मनीष त्या दिवशी जोरात चालवत नव्हता. "आबा, गाणी लावू?" असं त्यानं विचारलंसुद्धा. वळण संपताच समोर उसाची ट्रॉली रस्त्यातच थांबलेली होती. मनीषचा पाय ब्रेककडे निघाला, त्याच्या आधीच मी ब्रेक लावला. शिकवलं होतं तसा, सगळ्या ताकदीनं. ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर मी थांबले. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा आला नाही.

मनीषला पट्ट्यानं धरून ठेवलं. आबांना धरायला काहीच नव्हतं. समोरच्या काचेवर त्यांचं डोकं आदळलं. झबलं खाली त्यांच्या पायाशी पडलं.

मनीषनं त्यांना उचलून इस्पितळात नेलं. त्यानंतर मला कुणी बाहेर काढलं नाही. अंगणातल्या कोपऱ्यात मी ताडपत्रीखाली उभी राहिले. हेमलता माझ्या बाजूनं जाणं टाळी. चंद्रकांत माझ्याकडे पाहतच नसे. एकदा एक जण विकत घ्यायला म्हणून आला, ताडपत्री उचलून म्हणाला, "पळती किती?" चंद्रकांतनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

वर्षभरानं मनीष अमजदला घेऊन आला. मला आता विकायचंच ठरलं होतं, पण माझी बॅटरी उतरली होती. अमजदनं वायर जोडली आणि तो डाव्या सीटवर येऊन बसला. मनीषनं मला चालू केलं. मी जागी झाले, आणि नेहमीप्रमाणे समोरच्या पडद्यावर सांगितलं, की डाव्या सीटचा पट्टा लावलेला आहे. सगळं ठीक आहे.

अमजदची नजर खाचेकडे गेली.

"ही माझ्याकडचीच ना रं?"

"व्हय."

अमजदनं क्लिप उपसून काढली. त्याच क्षणी मी वाजू लागले. पट्टा लावायला त्याचा हात वर गेला, तसा मनीषनं तो धरला.

"थांब," तो म्हणाला. "वाजू दे जरा."

दोघं तसेच बसून राहिले. स्वयंपाकघराच्या दारात हेमलता येऊन उभी राहिली, तरी मी वाजतच होते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्या गाड्या घ्याल. वेग बघा, दिवे बघा, उघडणारं छत बघा. पण जो आवाज तुम्हाला नकोसा होतो, तो कुणासाठी वाजतो आहे एवढं एकदा पाहा. टोपलीसाठी माझं तोंड बंद केलंत, तर टोपली उचलल्यावर ते उघडायला विसरू नका. मला टोकता येतं, पण तुम्ही टोकू द्याल तरच.

कुशाबा त्या रविवारनंतरच्या मंगळवारी, १० डिसेंबर २०२४ रोजी सकाळी वारले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. निषादला त्यांनी पाहिलं नाही.