सोळाच्या पलीकडची जागा

बहिऱ्या मुलांच्या शाळेत मागच्या बाजूला एक खोली होती, खोलीत एक यंत्र होतं आणि यंत्रात हात होते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या गोष्टी ना कागदावर उतरतात, ना आवाजात. त्या हातांनी सांगायच्या नि डोळ्यांनी घ्यायच्या. एक बोट दुसऱ्याआड लपतं, म्हणून तीन बाजूंना तीन कॅमेरे, तिन्हींच्या तारा थेट यंत्रात. जागा खाण्यात त्या चित्रणाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

यंत्र सांभाळणारीला सगळे कानवाली म्हणत. आई बहिरी, बाप बहिरा, आणि हिला पान पडलेलंही ऐकू येई.

आज तिच्या आईची पाळी होती. सात बहिणींची गोष्ट; आजीने आईला दिलेली, पुरी एक तासाची, आता दुसऱ्या कुणाला येत नसलेली. उद्या आईच्या हातांची शस्त्रक्रिया. नंतर बोटं उघडतील का, या प्रश्नावर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले होते. सकाळचं औषध घेतलं की बोटं तासभर मोकळी होत. तेवढाच काय तो तास.

यंत्र भरत आलं होतं, म्हणून कानवालीने नव्या डिस्क जोडल्या होत्या. जुन्या-नव्या एकात एक विणायला चार दिवस लागले. सकाळी काम संपलं, पडद्यावर चोवीस टेराबाइट जागा दिसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने यंत्र चालवणाऱ्या लिनक्सला सांगितलं, आता फाइल सिस्टिम, म्हणजे चित्रणं ठेवायची मांडणी, या नव्या जागेवर पसरव. त्याने साफ नकार दिला. सोळा टेराबाइटच्या पुढे नाही.

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच.

"मोकळी जागा दिसतेय की गं," मुख्याध्यापिका चष्मा वर करून म्हणाल्या.

"दिसतेय, बाई. पण तिथल्या खोल्यांना नंबर नाहीत. बारा वर्षांपूर्वी मी ही सिस्टिम बनवली तेव्हा नंबराला किती आकडे, ते ठरवायचं होतं. मी आहे तेच राहू दिलं. तेवढ्या आकड्यांत सोळा टेराबाइटच बसतात. खोल्या बांधून तयार, पण पत्ताच लिहिता येत नाही."

"मग आता लिही."

"दोन दिवस सगळं बंद ठेवावं लागेल. नाहीतर वीण उसवायची, त्याला चार."

"जुनं काही पुसून टाक."

"कुणाचे हात पुसू?"

तिथले निम्मे हात आता जगात नव्हते.

आई औषध घेऊन केव्हाची खुर्चीत बसून दोघींच्या तोंडांकडे बघत होती. "काय झालं?" तिने हातांनी विचारलं.

कानवालीने सांगितलं. चाळीस मिनिटं मावतील, जास्त नाही. उरलेलं मोबाइलवर घेऊ.

"मोबाइलमध्ये माझ्या बोटांचं पीठ होतं, एकही वेगळं दिसत नाही," आईचे हात म्हणाले. "तुला तेव्हाच सांगितलं होतं, कपाट मोठं घे."

"ते कपाट वेगळं, आई."

"सगळी कपाटं सारखीच. लाव कॅमेरे. बसवते मी."

आणि आईने बसवायला घेतलं. पहिली निघाली भावाच्या शोधात, दुसरी तिच्या मागे, तिसरीने नदीला वाट विचारली. प्रत्येकीच्या हातांची चाल वेगळी. चौथी हसवून गेली. मग आईने सहावीचं बोट वर केलं.

कानवालीने पुन्हा मोजलं. पाचवी कुठे गेली? पाचवीच्या कडेवर मूल, म्हणून ती फक्त डाव्या हाताने बोलते. उजवा मुलाखाली अडकलेला. लहानपणी हिला कडेवर घेऊनच आई ती सांगायची. हाक मारून उपयोग नव्हता. मध्ये हात हलवावा, तर मिनिटं वाया जाणार. ती कॅमेऱ्यामागे नुसती उभी राहिली.

सातवीला भाऊ भेटला. आईने हात मांडीवर ठेवले. एकतीस मिनिटं.

"पाचवी?" कानवालीने विचारलं.

"तिला घाई चालत नाही. मावली नसती."

"नऊ मिनिटं आहेत अजून."

आईला ते खरं वाटेना. तिने पडद्यावरचा आकडा स्वतः पाहिला. मग उजवा हात मूल धरल्यासारखा वळवला आणि डावा उचलला. अंगठा उघडला. पहिलं बोट उघडलं. बाकीची तीन तशीच मिटलेली; औषधाचा तास सरला होता. तिने ती गुडघ्यावर दाबून पाहिली, दातांत धरून पाहिली. बाईंनी गरम पाण्यासाठी धाव घेतली. कानवालीने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला. आईने पुन्हा उचलला, तरी तीन बोटं मिटलेलीच.

आईने मान हलवली. डावा हात मांडीवर ठेवला. उजवा तसाच वळलेला राहिला.

कॅमेरे बंद करायचं कानवालीला सुचलं नाही, की करवलं नाही. तिन्ही बाजूंनी ते हात यंत्रात उतरत राहिले, जागा भरली असं पडद्यावर येईपर्यंत.