वरची बाजू

वर्गातल्या खिळ्यावरून उतरवताना चित्राची चौकट अवधूत सरांच्या हातातून निसटली आणि अर्धा वळसा घेऊन टेबलाच्या कडेला उलटी टेकली. काच शाबूत आहे हे पाहून त्यांना हायसं वाटलं. पण ते क्षणभरच.

"सर," शिडी धरून उभा असलेला शिपाई शेषेराव म्हणाला, "आता हे खरंच खड्डे दिसून राहिले."

"आता म्हणजे? आधी काय दिसायचं तुला?"

"फोड. पिठलं रटरटताना येतात तसे. चौदा वर्षं इथं झाडू मारतो, मला तर सगळं फुगलेलंच दिसायचं. पण तुम्ही खड्डे म्हणता म्हणजे खड्डेच असतील, म्हणलं."

सर वाकून चित्राकडे पाहू लागले. चित्र बुधाचं होतं. बुधाजवळून गेलेल्या यानाने टिपलेली ती करडी, जर्जर भूमी. उल्कांच्या आघातांनी चाळण झालेली, आणि वारा नाही, पाणी नाही म्हणून एकही जखम न बुजलेली. चौदा वर्षांपूर्वी नांदेडच्या विज्ञान प्रदर्शनातून त्यांनी ते गुंडाळी करून आणलं होतं आणि अहमदपूरच्या बाजारात मडिवाळप्पाकडे चौकटीला दिलं होतं. कडी ठोकण्याआधी मडिवाळप्पाने विचारलं होतं, "सर, वरची बाजू कोणती?" सरांच्या जिभेला तेव्हा धार होती. "अंतराळात वर-खाली नसतं, मडिवाळप्पा," ते म्हणाले होते. दोघेही हसले, आणि कडी हाताला येईल त्या बाजूला बसली.

अंतराळाला वर-खाली नसेल, डोळ्याला असतं. उजेड वरूनच पडतो असं डोळा जन्मभर धरून चालतो. चित्र उलटं टांगलं की सावल्या पालटतात, आणि खड्डा फुगून वर येतो. प्रकाशाचा धडा तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला हे नव्याने कळायला नको होतं. पण सरांना त्या भिंतीवर कधी फुगवटा दिसलाच नव्हता. त्यांनी चित्राच्या आधी त्यासोबतचं माहितीपत्रक वाचलं होतं.

दिसला होता तो साक्षीला. नववीच्या वर्गात, चित्र लावलं त्याच दिवशी, ती उभी राहून म्हणाली होती, "सर, हे खड्डे न्हाईत. भाकर फुगल्यावानी दिसतंय." सर म्हणाले होते, "साक्षीबाई, हा बुध आहे, तुमच्या आईचा तवा नाही." वर्ग हसला. त्या तासापासून ती 'भाकर' झाली. मुलांचं एक वेळ ठीक, पण हजेरी घेताना सरही विचारू लागले, "आमची भाकर आली का?" बुधावरच्या विवरांना कवींची, चित्रकारांची नावं देतात, हे त्यांनी त्याच आठवड्यात मोठ्या कौतुकाने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. आलेल्या साहेबांसमोर सरांनी मुद्दाम तिलाच उभं केलं. ती चित्राकडे न बघता म्हणाली, "खड्डे, सर." साहेब खूश झाले. अडून बसलेल्या पोरीचा डोळा एका दिवसात कसा घडवला, ही गोष्ट सर पुढे दरवर्षी नव्या वर्गाला सांगत आले.

येत्या शनिवारी त्यांचा निरोप समारंभ होता. माजी विद्यार्थ्यांतर्फे साक्षीच बोलणार होती. तिच्या तोंडून स्वतःची स्तुती ऐकण्याआधी तिच्यापुढे उभं राहायला हवं, एवढंच त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी चौकट वर्तमानपत्रात बांधून ते कंधारच्या बसमध्ये बसले.

साक्षी तिथे जमीन मोजणीच्या कचेरीत होती. सरांना पाहताच ती खुर्ची सोडून उठली, वाकून पाया पडली. सरांनी पाय मागे घेतले. काय सांगायचं ते वाटेत चारदा जुळवलं होतं. आता त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता. त्यांनी पुडकं पुढे केलं. तिने सुतळी सोडली, कागद बाजूला केला, सावल्यांवरून एकदा नजर फिरवली आणि चौकट फिरवून सुलट ठेवली.

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"रोजचं कामच हाय सर," ती म्हणाली. "ड्रोनचा फोटो उलटा धरला की विहिरीचं टेकाड होतं. आधी सावली बघायची, मग बोलायचं."

"साक्षी, त्या दिवशी मी तुला वर्गात…"

"मला त्याच दिवशी कळलं होतं, सर." ती चित्राकडेच पाहत होती. "मधल्या सुट्टीत. फोटोकडं पाठ केली, वाकले, अन् पायांमधून बघितलं. तनुजाला दारात उभं केलं होतं, कोणी आलं तर सांगायला. सगळे खड्डे."

"मग साहेबांसमोर का नाही बोललीस?"

"तुम्ही नवा शर्ट घालून आला होता. सकाळपासून तीनदा काच पुसली होती." ती किंचित हसली. "आणि खड्डे होतेच की. मी खोटं कुठं बोलले?"

चहा आला. सरांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. शनिवारी हे सगळं असंच सांग, आडपडदा ठेवू नकोस, असं त्यांनी तिला विनवलं. ती मान हलवत राहिली.

"न्हाई सर. मी तपासणीचीच गोष्ट सांगणार हाय. तुम्ही सांगता तशीच. लोकांना लई आवडते."

"आणि ते नाव?"

आता मात्र ती हसली नाही. टेबलावरचा नकाशा तिने विनाकारण सरळ केला.

"ते दहावीपर्यंत होतं," ती म्हणाली. "पुढं लातूरला शिकले. तिथं कोणी ओळखत नव्हतं."

ती सरांना सोडायला स्थानकापर्यंत आली. बस हलेपर्यंत ऊन चुकवत, कपाळावर हात धरून उभी राहिली. सरांना तिच्याकडे नीट बघवलं नाही. क्षमा मागायची राहूनच गेली होती. ती मागायलाही आता जागा उरली नव्हती. साक्षीने ती चौदा वर्षांपूर्वीच, मागितल्यावाचून, देऊन टाकली होती.

चौकट मांडीवर होती. धक्क्यांनी कागद सरकला होता, आणि चित्र सुलट आहे की उलटं, हे पाहायला त्यांनी मान खाली केली नाही. शेजारी निलंग्याला लेकीकडे निघालेली एक म्हातारी पाटी पायांशी घेऊन बसली होती. ती बराच वेळ चित्राकडे वाकून पाहत राहिली.

"मास्तर दिसता," ती म्हणाली. "हे काय हाय वो?"

उत्तर तीस वर्षांच्या सवयीने ओठांवर आलं. सरांनी ते गिळलं. चौकटीवरचा कागद त्यांनी पूर्ण बाजूला केला आणि चित्र तिच्याकडे कलतं केलं.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्हाला काय दिसतंय?"