बेगोनियावरची भुरी

श्यामराव आठल्यांना झाडांतलं कळत नाही असं रत्नागिरीत कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं. चाळीस वर्षं हापूसची कलमं राखलेला माणूस. गुडघे गेले म्हणून बाग कराराने दिली आणि मारुती मंदिराजवळ दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, एवढंच. बायको वैदेही तिथे जेमतेम वर्षभर राहिली आणि गेली. त्यालाही आता दोन वर्षं झाली. मागे उरले श्यामराव आणि दिवाणखान्यातला तिचा बेगोनिया.

तसं कुंडीतल्या झाडाला ते झाड म्हणायलाच तयार नसत. पण लेक शमिका कॅनडातून दर रविवारी संध्याकाळी सातला फोन करी, आणि त्या फोनात या झाडाशिवाय दुसरं काही नसे. वैदेही होती तेव्हा मायलेकी तासतासभर बोलत. श्यामराव ‘देतो हं आईकडे’ म्हणून मोकळे होत. ती गेल्यावर बापलेकीला बोलायचं काय तेच सुचेना. एकदा शमिकाने विचारलं, “आईचा बेगोनिया कसा आहे?” आणि दोघांची सुटका झाली. तेव्हापासून श्यामराव मोबाइल पानांजवळ नेत, कुठे नवं पान फुटलंय ते दाखवत. दहा मिनिटं निघत. त्या दहा मिनिटांवर ते उरलेला आठवडा काढत.

जानेवारीतल्या एका बुधवारी पानांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग दिसले. श्यामरावांनी बोट फिरवलं. भुरी. मोहोरावरची भुरी त्यांनी जन्मभर मारली होती, आता ही दिवाणखान्यात भेटायला आली.

घरकामाला येणारी मैना केर काढता काढता थबकली. “काका, खालच्या काकूंच्या झाडाला असंच झालेलं. त्यांनी खराब पानं खुडलीन नि कुंडी खिडकीत ठेवलीन. तुम्ही पण खिडकी वाईच उघडी ठेवा. झाडाला वारा नको?”

खिडकी वैदेही गेल्यापासून बंद होती. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं संध्याकाळी हसतखिदळत जेवायला बसत, ते श्यामरावांना सोसत नसे. पण हे मैनेला कोण सांगणार.

“तू केर काढ,” ते म्हणाले. “भुरीचं मला नको शिकवूस.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फवारायचं गंधक आणलं. प्रमाण पुडीवर छापलेलं होतं. पण चष्मा शोधतो कोण, हाताला अंदाज होता की. तो अंदाज दोनशे लिटरच्या पिंपाचा होता आणि समोर होती आंघोळीची बादली, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. गंधक मारायचं ते उन्हं चढायच्या आत, हेही त्यांनीच गड्यांना शिकवलेलं. पण दुकानातून परतेपर्यंत बारा वाजले, आणि रविवारच्या आत पानं हिरवी दिसायला हवी होती. बंद खोली भट्टीसारखी तापलेली. श्यामरावांनी पान न् पान निथळेपर्यंत भिजवलं आणि समाधानाने जेवायला बसले.

शनिवारी पानं कडेने करपली. रविवारी सकाळी देठ मऊ पडून सगळा पसारा कुंडीबाहेर लोंबू लागला. दुपारी ते रिक्षा करून नर्सरीत गेले. तिथे हुबेहूब तसाच बेगोनिया होता. मोबाइलवर शमिकाला फरक कळलाही नसता. कुंडी उचलून ते दोन पावलं चालले, आणि वैदेहीच्या आठवणीने त्यांना एवढी लाज वाटली की कुंडी जागच्या जागी ठेवून घरी आले.

सातला फोन वाजला.

“आईचा बेगोनिया कसा आहे, बाबा?”

“अगो शमे, मेला तो. मीच मारला. भुरी आली होती, गंधक जास्त झालं.”

श्यामरावांना वाटलं, ही फोन ठेवते आता. पुढच्या रविवारी कशाला करील ती फोन? काय विचारील? आयुष्यात कधी नव्हे इतके ते घाबरले आणि तोंडाला येईल ते बोलून गेले.

“जेवलीस का?”

“बाबा, इथे सकाळचे साडेआठ वाजलेत.” ती हसली, पण आवाज दमलेला होता. “रात्रभर उभ्याने रात्रपाळी करून आत्ता आलेय. तुमचा फोन झाला की झोपते.”

“रोज रात्रपाळी?”

“शनिवारची असतेच. दोन वर्षं झाली.”

दोन वर्षं. म्हणजे प्रत्येक रविवारी ही पोर रात्रभर उभी राहून आलेली असे, आणि ते तिला पानं मोजून दाखवत असत. श्यामरावांना तिला खूप काही विचारायचं होतं: पाय दुखतात का, परत येताना थंडी किती असते, घरी कुणी चहा करून देतं का. आज पहिल्यांदाच त्यांच्याजवळ तासभराचं बोलणं होतं.

“मग नीज हो आता,” ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

सात वाजून चार मिनिटं झाली होती.